विश्रांती घ्या, म्हणजे नक्की काय करा?

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आईला चक्कर आली. ओट्याची कड हाताला लागली म्हणून पडली नाही, एवढंच. रक्तदाब बराच वाढला होता. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, लोणचं-पापड कमी करायला सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आणि मावशी, आता जरा विश्रांती घेत जा." आई उठली होती, ती परत खुर्चीत बसली. म्हणाली, "डॉक्टर, विश्रांती घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं?"

डॉक्टरांना ती गंमत करतेय असं वाटलं. मला माहीत होतं, ती मनापासून विचारत होती. गोळी कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, हे चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. विश्रांतीपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि ६६ वर्षांत तिला ती कुणी शिकवलीही नव्हती.

तिची दुपार मी लहानपणापासून पाहत आले आहे. जेवणं होतात, भांडी होतात, ओटा पुसून होतो आणि दोनच्या सुमाराला ती म्हणते, "आता जरा टेकते गं." टेकते म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चटई टाकून भिंतीला पाठ लावून बसते. मांडीवर सूप असतं, सुपात तांदूळ. बोटं आपोआप खडे शोधत राहतात. गॅसवर कुकरमध्ये संध्याकाळच्या आमटीची डाळ असते, तिसरी शिट्टी झाली की उठायचं. अडीचला नळाला पाणी येतं, म्हणून दुसरा कान मोरीकडे. पाणी यायच्या आधी नळातून हवा फुसफुसते. तो आवाज तिला झोपेतही कळतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ती गुडघ्यावर हात ठेवून उठते आणि म्हणते, "झाली विश्रांती."

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हृदय, मेंदू, चेतासंस्था हे धडे माझे दरवर्षीचे. तरी आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. मग वाचत गेले, जाणकारांना विचारत गेले. त्यातून जे समजलं ते तिला जसं सांगितलं, तसंच इथे लिहिते आहे.

हृदयाचा लगाम

सुरुवात हृदयापासून करते, कारण दुखणं तिथून समोर आलं.

हृदयाला स्वतःचा ठोका असतो. बाहेरून एकही नस त्याच्याकडे आली नसती, तरी ते धडधडत राहिलं असतं, मोठ्या माणसात मिनिटाला साधारण १०० वेळा. पण स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मोजली तर बहुतेकांची ७०-७५च्या आसपास भरते. मग वरचे ठोके कमी कोण करतं? मेंदूच्या तळापासून निघून मानेतून छातीत आणि पोटात उतरणारी एक लांबलचक नस आहे, तिचं नाव व्हेगस. ती हृदयाला सारखी सांगत असते, सावकाश, सावकाश. म्हणजे संथ चालणारं हृदय हे नुसतं मोकळं सोडलेलं हृदय नव्हे. कुणीतरी त्याचा लगाम धरून बसलेलं आहे.

आपल्या शरीरात इच्छेविना चालणारी जी चेतासंस्था आहे, तिच्या दोन बाजू आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना अनुकंपी आणि परानुकंपी म्हणतात. पहिली पळण्याची, सावध होण्याची, अंगावर आलेलं निभावण्याची. ती जोरात असली की हृदय भरभर चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, पोटाचं काम मागे पडतं. दुसरी पचवण्याची, मुरवण्याची, डागडुजीची. बैलगाडीचे दोन कासरे जसे एकाच वेळी हातात असतात आणि कमी-जास्त ओढले जातात, तसं दोन्हींचं चालू असतं. दिवसभर पहिली बाजू वरचढ राहिली तर त्यात काही बिघडत नाही, माणूस त्यासाठीच घडला आहे. बिघडतं ते दुसऱ्या बाजूला तिची पाळीच मिळाली नाही तर.

हे आत्ता अनुभवता येतं. मनगटावर बोटं ठेवून नाडी शोधा आणि सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. आत घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना मंदावते. ते मंदावणं व्हेगसचं. तरुण मुलांमध्ये हा फरक जास्त स्पष्ट लागतो. आठवीच्या वर्गात हा प्रयोग केला की पोरं दहा मिनिटं गप्प असतात, आपापल्या मनगटात गुंतलेली.

आता आईच्या प्रश्नाचा खरा गाभा. ती भिंतीला टेकून बसते तेव्हा दुसऱ्या बाजूला पाळी मिळते का? बसल्याने पाय सुटतात, कंबरेला आधार मिळतो, तेवढा फायदा आहेच. पण कान पहाऱ्यावर आहेत. आणि पहाऱ्यावर असलेल्या शरीराचं काय होतं, हे फार चांगल्या रीतीने तपासलं गेलं आहे.

१९८८ साली स्वीडनच्या दोन संशोधकांनी, टॉर्सव्हाल आणि ओकरस्टेट यांनी, जहाजावरच्या इंजिनियरांची झोप मोजली. या इंजिनियरांना काही रात्री आपल्या खोलीत झोपायची मुभा असायची, मात्र इंजिनात काही झालं तर गजर वाजणार आणि उठून जायचं. मेंदूच्या लहरी आणि हृदयाचे ठोके नोंदले तेव्हा दिसलं, की अशा रात्री झोप उथळ होते, गाढ झोप घटते, हृदय जरा जास्तच वेगाने चालतं. हे तर होणारच, गजर वाजतो ना, असं वाटेल. पण पहिला गजर वाजायच्या आधीपासूनच झोप बिघडलेली होती. आवाजाने नव्हे, आवाज येईल या जाणिवेने.

दुसरा प्रयोग २०१६चा, अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातला. पाहुण्याच्या घरी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे. नवी जागा, असं म्हणून आपण सोडून देतो. तिथल्या संशोधकांना दिसलं, की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा हलकी झोपते आणि बारीक आवाजालाही जागी होते. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा दाराशी बसतो. दुसऱ्या मुक्कामात हा फरक गेलेला असतो.

हे दोन प्रयोग वाचले तेव्हा मला आईची दुपार समजली. आणि विश्रांतीची एक साधी ओळख हाताला लागली: ज्या वेळात आपल्याकडे कुणाचं काही मागणं नाही आणि मागणं येईल म्हणून कानही टवकारलेले नाहीत, तो वेळ. बसलो आहोत की आडवे झालो आहोत, डोळे उघडे की मिटलेले, हे त्यानंतरचं.

आपल्या भाषेला हे पहिल्यापासून ठाऊक असावं. चढ चढताना आपण दम खातो, ती फुफ्फुसांची विश्रांती. पाठ टेकतो, ती कण्याची. अंग टाकतो, ती सगळ्या सांध्यांची. उसंत म्हणजे दोन कामांमधली फट. आणि निवांत हा शब्द आपण ज्या ठिकाणी वापरतो, तिथे हाक मारणारं कुणी नसतं. आईला दम खायला मिळतो, पाठ टेकायला मिळते, कधीमधी उसंतही मिळते. निवांतपण तेवढं मिळालेलं नाही.

झोपेचं देणं

झोपेबद्दल लोक आता बरंच ऐकून आहेत, म्हणून थोडक्यात. मेंदूच्या पेशी दिवसभर ऊर्जा खर्च करतात, त्यातून अडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जागेपणाचे तास वाढतात तसा त्याचा भार वाढतो, आणि डोळे जड होतात ते मुख्यतः त्याने. झोपेत हा भार उतरतो. चहा-कॉफीतलं कॅफीन अडिनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं, त्यामुळे भार असूनही जाणवत नाही. चहाने थकवा जातो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो फक्त ऐकू येईनासा होतो. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला अर्धा शिल्लक असतो.

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी येते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, त्याच वेळी वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त स्रवतं आणि मोठ्या माणसांतही झिजलेलं भरून काढायला ते लागतं. पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त. म्हणून उशिरा झोपून लवकर उठणाऱ्याचं नुसतं तासांचं नुकसान होत नाही, पहाटेचा तो भागच कापला जातो. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास हवेत, यावर झोपेच्या तज्ज्ञांचं एकमत आहे.

पण आईचा प्रश्न झोपेचा नव्हता. डॉक्टरांनी "झोपा" म्हटलं नव्हतं. जागेपणीच्या विश्रांतीविषयी आपण फार कमी बोलतो, आणि तिथे बरंच काही घडत असतं.

रिकामा बसलेला मेंदू

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा तो वीस टक्के खातो. अवघड गणित सोडवायला घेतलं तर या खर्चात भर किती पडते? पाच टक्क्यांहूनही कमी. म्हणजे आपण ज्याला डोक्याचं काम म्हणतो ते खर्चाच्या वहीतलं शेवटचं बारीक कलम आहे. बाकी सगळा खर्च कशावर होतो, हा प्रश्न मार्कस रायकल या अमेरिकन शास्त्रज्ञाने धरून ठेवला. मेंदूच्या प्रतिमा घेताना लोकांना मध्ये मध्ये "काही करू नका, नुसते पडून राहा" असं सांगायचे. त्या वेळात मेंदूचे काही ठरावीक भाग जास्त काम करताना दिसले आणि काम दिलं की तेच भाग मंदावले. २००१ साली रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं. रिकामं बसलेल्या मेंदूचं स्वतःचं एक जाळं आहे. गेल्या गोष्टी आठवणं, पुढच्यांची जुळणी करणं, आपण आणि आपली माणसं यांचा विचार करणं, हे त्या जाळ्यातलं काम.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र उंदरांवरचा आहे. २००६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत डेव्हिड फॉस्टर आणि मॅथ्यू विल्सन यांनी उंदरांना एका लांब पट्टीवर पळायला लावलं. मेंदूत स्मरणाचा जो भाग आहे, त्यात जागा ओळखणाऱ्या पेशी असतात. उंदीर एका टोकाकडून दुसरीकडे जातो तशा त्या पेशी ओळीने एकामागून एक चमकतात. उंदीर टोकाला पोचला, खाऊ खाल्ला आणि थांबला, की त्या थांबलेल्या क्षणात तीच ओळ पुन्हा चमकायची. उलट्या क्रमाने, आणि पळताना लागली त्याच्या कित्येक पट वेगाने. आत्ताच पळालेली वाट मेंदू उलटी फिरून बघत होता. पळताना हे व्हायचं नाही, थांबल्यावर व्हायचं.

मी हे वर्गात सांगितलं त्या दिवशी एका मुलाने विचारलं, "बाई, म्हणजे दोन तासांच्या मधे पाच मिनिटं दिली तर आमच्याही डोक्यात उलटं फिरेल?" माणसांवरच्या प्रयोगांतही, काही शिकल्यावर थोडा वेळ शांत राहिलेल्यांना ते जास्त आठवतं असं वारंवार दिसलं आहे. तेव्हापासून तासाची शेवटची दोन मिनिटं मी काही शिकवत नाही, काही विचारत नाही. पाटी-पुस्तक बंद, खिडकीबाहेर बघा. पहिल्या आठवड्यात मुलांना हे जड गेलं. दोन मिनिटं रिकामी बसायची सवय तेराव्या वर्षीच सुटलेली आहे, हे पाहून मला वाईट वाटलं.

इथेच फोनचं सांगायला हवं. जेवण झालं, आडवं झालो, फोन हातात घेतला आणि अर्धा तास एकामागून एक चित्रफिती पाहिल्या. शरीर पडून आहे. पण दर पंधरा सेकंदांनी नवं काहीतरी समोर येतं, त्याकडे लक्ष द्या, हसा, चिडा, पुढे सरका. लक्षाची मागणी एक क्षणही थांबलेली नाही. उंदीर टोकाला थांबलाच नाही, त्याला पुन्हा पळवलं. २००९ साली सोफी लरॉय या संशोधिकेने दाखवलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही अंश पहिल्यातच चिकटून राहतो. नातेवाइकांच्या गटावरचा वाद वाचून डोळे मिटले, तर मिटलेल्या डोळ्यांआड तो वाद चालूच राहतो. मी फोनला नावं ठेवत नाही, आजारी माणसाला आणि एकट्या माणसाला त्याची सोबत असते. पण तो वेळ विश्रांतीच्या खात्यात धरू नये.

तालमीतली दुपार

ज्यांना शरीर कमवायचं असतं त्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. कोल्हापूरच्या तालमीत पहाटे जोर-बैठका आणि मातीतली लढत झाली, खुराक झाला, की पैलवान झोपतो. संध्याकाळी पुन्हा मेहनत. ही झोप आळसाची नाही, मेहनतीचाच भाग आहे, असं वस्ताद मानतात, आणि शरीरशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. जोर मारताना स्नायू बळकट होत नाहीत, त्यांना बारीक इजा होते. बळकटी येते ती नंतर, स्नायूंतली नवी प्रथिनं तयार होताना, आणि जबर मेहनतीनंतर हे बांधकाम एक-दोन दिवस चालू राहतं. त्याच स्नायूवर रोज तेवढाच भार टाकला तर बांधकामाला वेळच मिळत नाही. हे पैलवानाला जसं लागू, तसंच हमालाला, शेतात वाकून खुरपणाऱ्या बाईला, दिवसभर उभं राहणाऱ्या दुकानातल्या मुलीला.

आणि दुपारची वामकुक्षी. दुपारी एक ते तीनच्या मध्ये येणारी सुस्ती फक्त जेवणाची नसते. न जेवलेल्या माणसालाही ती येते, कारण शरीराच्या घड्याळातच तिथे एक उतार आहे. त्या उतारावर दहा-वीस मिनिटांची डुलकी उत्तम. त्याहून लांबली की गाढ झोप सुरू होते आणि मध्येच उठावं लागलं तर डोकं जड होतं. अमेरिकेच्या नासाने एकदा लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांना उड्डाणातच आळीपाळीने चाळीस मिनिटं विश्रांती देऊन पाहिली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि उतरताना जास्त सावध होते. डाव्या कुशीवर झोपण्यातही तथ्य आहे. जठराची ठेवण अशी आहे, की डाव्या कुशीवर आम्ल वर यायचं प्रमाण कमी होतं. आयुर्वेदाने मात्र रोजच्या दिवसाच्या झोपेला सरसकट मान्यता दिलेली नाही. ग्रीष्मात ती चालते असं म्हटलं आहे, कारण तेव्हा रात्र लहान असते. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी दुपारी झोपू नये, नुसतं पडावं. अडिनोसिनचा भार दुपारीच उतरला तर रात्री काय उरणार?

मागून घेतलेला रविवार

हे सगळं समजल्यावर वाटेल, की मग उद्यापासून घेऊ विश्रांती. पण ती अशी घरबसल्या मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणसं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत उभी असायची आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवलं. त्यातल्या मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती. पगाराची मागणी होती ती वेळेवर मिळण्याची. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाने कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास दोन्ही आले. रविवार सकाळी आपण उशिरा उठतो त्यामागे ही सहा वर्षं आहेत. १८९७च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना लोखंडे गेले.

त्या अर्ध्या तासाचं महत्त्व आज आकड्यांत मांडता येतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एकत्र पाहणी मांडली. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला.

पण लोखंड्यांचा रविवार घरातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला नाही. उलट रविवारी तिथे काम वाढतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या सर्वेक्षणात, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८, असं दिसलं. शिवाय मिनिटांमध्ये पहारा मोजला जात नाही. आईची दुपारची वीस मिनिटं कुणी नोंदली, तर तो कदाचित "आराम" असंच लिहील.

आणि ज्यांना टेकायचीही परवानगी नाही, त्यांच्याबद्दल काय बोलावं? मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळालेली असते. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता धरतात. एक दिवस जाता आलं नाही, पाळी असो की ताप, तर त्याला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे उलट कापले जातात. ज्या कामात एका दिवसाच्या विश्रांतीचं नाव खाडा आहे, त्या कामातल्या बाईला "स्वतःसाठी वेळ काढा" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तिथे मोबदला आणि नियम बदलायला हवेत.

आमच्याकडे, कराडच्या बाजूला, आषाढात बेंदूर असतो, बैलांचा सण. आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. हळद आणि तूप लावून, ऊन ऊन शेकून. जू बसून बसून जिथे कातडं घट्ट झालेलं असतं, नेमकं तिथे. त्यांच्या कानात निमंत्रण देतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. माझे आजोबा बैलाच्या खांद्यावर हात फिरवताना बोलायचे नाहीत, नुसते चोळत राहायचे, अर्धा-अर्धा तास. बैलाच्या खांद्यावर किती झिजलं हे त्यांना हाताला कळायचं. माणसांच्या बाबतीत आपण ते बोटाने कधी चाचपलं नाही.

आईला दिलेलं उत्तर

शेवटी आईला मी काय सांगितलं? जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग गेली कित्येक वर्षं हाच अभ्यास करतात, की कामानंतर माणूस परत भरून कशाने येतो. त्यांच्या मांडणीत चार गोष्टी आहेत. कामापासून मन सुटणं, अंग सैल होणं, आवडीचं काही शिकत, त्यात हात बसवत राहणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. आईला मी हे वाचून दाखवलं. तिसरं ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी वाती वळते ते चालतंय की." चालतंय. वाती वळताना तिचा चेहरा वेगळा असतो. त्या कुणी मागितलेल्या नसतात.

खरी अडचण चौथ्याची होती. तिचा वेळ कुकरच्या आणि नळाच्या हातात होता. म्हणून आम्ही विश्रांतीला हात न लावता आधी पहारा काढला. डाळ सकाळीच शिजवून ठेवायची. तांदूळ सकाळी भाऊ निवडणार, मी माहेरी असले तर मी. पाणी बाबांनी भरायचं. ही शेवटची गोष्ट ठरायला चार दिवस लागले, कारण बाबांना पिंप किती भरायचं हे कळणार नाही असं तिचं म्हणणं होतं. दोन ते पावणेतीन ती आतल्या खोलीत, दार लोटलेलं, फोन बाहेर. झोप लागली तर लागली. वारीच्या छापील वेळापत्रकात जसा सकाळचा विसावा, दुपारचा विसावा ठिकाणासकट लिहिलेला असतो, तसं तिने स्वतःच कॅलेंडरवर "२ ते २.४५" असं लिहिलं. अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या पालखीतसुद्धा विसावा आधी ठरतो, मग चाल. माऊलींची पालखी पुण्यात दोन रात्री थांबते, तेव्हा कुणी तिला आळशी म्हणत नाही.

एक गोष्ट इथे कळकळीने सांगते. पुरेशी झोप आणि विश्रांती मिळूनही थकवा जात नसेल, तर तो अंगावर काढू नका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर एकदा तपासून घ्या. कुणी जोरात घोरत असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, तसल्या झोपेने आठ तासांतही भागत नाही. मन सतत उदास असेल आणि कशातच गोडी वाटत नसेल, तर तो थकवा विश्रांतीने भरून येणारा नाही, त्याला उपचार हवेत. आईची रक्तदाबाची गोळीही चालूच आहे.

पहिले काही दिवस ती आत गेली की दहा मिनिटांत आवाज यायचा, "पाणी आलं का हो?" दुसऱ्या आठवड्यात उठून दाराशी येऊन बघून जायची. बाबा पाइप धरून उभे दिसले की परत जायची. तिसऱ्या आठवड्यात नुसती कूस बदलल्याचा आवाज यायचा, बरोबर अडीचला.

गेल्या रविवारी मी माहेरी होते. अडीचला नळ फुसफुसला. बाबांनी पिंप भरलं, काठोकाठ, थोडं सांडलंही. मग पत्र्याचं झाकण लावताना त्यांच्या हातून ते निसटलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. आम्ही दोघं जागच्या जागी थांबून आतल्या दाराकडे बघत होतो. झाकण फिरून फिरून आडवं झालं. आतून काहीच आवाज आला नाही.